ओळीनं गेला तर हात, दारातून आला तर माशी

वाचकांच्या शंका

या महिन्यात पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं टोमॅटोची निघाली, आणि तीही पॉलिहाऊसमधल्या. उन्हाळा लागला की दरवर्षी असंच होतं. वीस-बावीस लाखांचं घर उभं करून आत रोग शिरला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की पंप उचलतो. म्हणून या वेळी डाळिंब आणि कांदावाल्यांना थांबवलंय, त्यांनी रागावू नये. पुढच्या अंकात त्यांचाच नंबर.

मॅडम, नमस्कार. नारायणगावजवळ आमचं 10 गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. जानेवारीत 2400 रोपं लावली, दोरीवर चढवली आहेत. गेल्या पंधरवड्यात काही झाडांचे शेंडे बारीक झाले, नवी पानं शेपूच्या पाल्यासारखी निघतात. दुकानदार व्हायरस म्हणाला, तीन औषधं दिली, तिन्ही मारली. फरक शून्य. फोटो जोडले आहेत. सगळं उपटू का?
— एक वाचक, जुन्नर तालुका

दादा, आज तरी काही उपटू नका. शेपूची उपमा मात्र नेमकी दिलीत, आमच्या पुस्तकांत याला नेच्याचं पान म्हणतात आणि नेचा किती जणांनी पाहिलेला असतो!

टोमॅटोचं पान असं शेपूसारखं होण्याची मला माहीत असलेली तीन कारणं आहेत. एक, काकडी मोझॅक व्हायरस, जो मावा आणतो. दोन, टोमॅटो मोझॅक व्हायरस, जो माणूस आणतो. आणि तिसरं कारण व्हायरस नाहीच. ते म्हणजे टू-फोर-डी, उसातलं रुंद पानाचं तण मारायला वापरतात ते तणनाशक. टोमॅटोला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. शेजारच्या उसात कोणी दुपारच्या वाऱ्यात फवारलं आणि तुमचे बाजूचे पडदे वर असले, तर चार-आठ दिवसांत शेंडे वळतात. पण शेजाऱ्याला शिव्या घालण्याआधी आपला पंप आठवा. तणनाशकाचा आणि टोमॅटोचा पंप एकच आहे का? "धुतला होता" हे उत्तर मी मान्य करत नाही. पाण्यानं विसळून टू-फोर-डी जात नाही, नळीच्या रबरात बसून राहतं.

हे इतक्या ठासून सांगते कारण मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी एका शेतकऱ्याला नुसते मोबाइलवरचे फोटो बघून "मोझॅक आहे, काढून टाका" असं सांगितलं. त्यानं तीनशे झाडं काढली. पंधरा दिवसांनी मी गेले तर उरलेल्या झाडांचे नवे शेंडे ठणठणीत, आणि शेडच्या कोपऱ्यात तणनाशकाच्या डब्याशेजारी तोच पंप टांगलेला. तो माणूस काही बोलला नाही, चहा दिला. त्या दिवसापासून मी फोटोवरून निकाल देत नाही, तुमचेही देणार नाही.

तर आता हे करा. वहीचं एक पान घ्या, त्यावर पॉलिहाऊसच्या सगळ्या ओळी आखा, दार कुठे, पंखा कुठे, उसाची बाजू कोणती ते लिहा. आजारी झाडावर फुली. चार दिवसांनी दुसऱ्या रंगाच्या पेनानं नव्या फुल्या. पुन्हा चार दिवसांनी तिसरा रंग. प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं काढली, पण या वहीइतकं स्वस्त यंत्र मला तिथे सापडलं नाही.

सगळी झाडं एकदम, एकाच बाजूनं बिघडली आणि पुढे नवीन फुली पडलीच नाही, तर तणनाशक. पानात गडद-फिका हिरवा ठिपकाठिपका दिसत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण. मार हलका असेल तर झाड महिन्याभरात सावरतं, त्याला पाणी आणि वेळ द्या. फुल्या दाराजवळ किंवा फाटक्या जाळीजवळ गोळा झाल्या असतील तर उडणारा किडा. आणि फुल्या मोत्यांच्या माळेसारख्या एकाच ओळीत पुढे पुढे सरकत असतील, तर तो हाताचा रोग. मजूर ज्या दिशेनं बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढत जातात त्याच दिशेनं तो जातो.

टोमॅटो मोझॅक आणि त्याचा सख्खा भाऊ तंबाखू मोझॅक यांना किडा लागत नाही. पानावरची एक लव मोडली, एवढी जखम त्यांना पुरते. आपण बगलफूट मोडतो तेव्हा बोटांना तो हिरवा-काळा चिकट रस लागतो ना, त्यात हा भरलेला असतो. तीच बोटं पुढच्या झाडाला. कात्री, सुतळी, क्लिप, सदऱ्याच्या बाह्या, सगळं त्याचं वाहन. वाळलेल्या पाल्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, उकळत्या पाण्याच्या जवळपास जाईपर्यंत मरत नाही. माणसाला कळलेला पहिला व्हायरस हाच. 1886 साली हॉलंडमधल्या वाखेनिंगेनमध्ये अडॉल्फ मायर यांनी आजारी तंबाखूचा रस निरोगी झाडाला टोचून रोग उठवून दाखवला, तेव्हा व्हायरस ही चीज कोणाला माहीतही नव्हती. म्हणजे आपण शंभराहून जास्त वर्षं हा रोग ओळखतो आणि अजून त्यावर मारायचं औषध नाही. यावरून दुकानातल्या तीन बाटल्यांची किंमत तुम्हीच करा.

वहीत ओळ दिसली की पुढच्या गोष्टी. आजारी भागात काम सगळ्यात शेवटी करायचं. आजारी झाड आणि त्याच ओळीतलं मागचं-पुढचं एकेक, अशी तीन काढायची. जागेवरच मोठ्या पिशवीत घालून, मुळासकट. ओढत न्याल तर वाटेतल्या सगळ्यांना प्रसाद वाटत जाल. कात्रीसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, त्यात बुडवून मग पुढचं झाड. त्यानं हाताची सालं निघतात, तेव्हा हातमोजे घालून. हातांसाठी दूध. हसू नका. साय काढलेल्या दुधाची पावडर, 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, बादली सोबत ठेवायची आणि दर झाडाला हात बुडवायचे. हात ओलेच ठेवून काम करायचं, पुसायचे नाहीत. दुधातलं प्रथिन व्हायरसच्या कणांभोवती बसतं आणि त्यांना जखमेतून आत शिरू देत नाही. दूध झाड बरं करत नाही, पुढचं झाड वाचवतं. गावात कोणी दूध फवारत असेल तर त्याला सांगा, वासरांना पाज.

खात्री करायची तर शेंड्याकडची कोवळी पानं कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या विद्यापीठात न्या. ओल्या प्लास्टिकमध्ये नको, पोचेपर्यंत त्याची भाजी होते. आणि पाव भागाच्या वर फुल्या गेल्या असतील तर उपटाउपट सोडून द्या. तोडे घेत राहा, खतपाणी सांभाळा, पीक थोडं लवकर संपवा. त्या टप्प्यावर उपटण्यात फक्त मजुरी जाते.

पुढच्या हंगामात बियाण्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. टोमॅटो मोझॅकला दाद न देणारं एक जनुक पॉलिहाऊसच्या बऱ्याच संकरित जातींत घातलेलं असतं, आणि कंपनी ते पाकिटावर लिहिते. दुकानदार फक्त फळाचा फोटो दाखवतो.

2020 सारखा तिरंगा पॉलिहाऊसमध्येही येऊ शकतो का? आमच्या फळांना खांद्यावर पिवळे पट्टे पडतात, खालून लाल होतात.
— एक वाचक, अकोले तालुका

येऊ शकतो, पण तुमचा तो असेल असं मला वाटत नाही.

ज्यांनी 2020 पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यात टोमॅटोची फळं पिकायच्या आधीच रंग बदलू लागली. अर्धं पिवळं, अर्धं लाल, मध्ये हिरवं, आतून कडक. शेतकऱ्यांनीच त्याला तिरंगा नाव दिलं. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा एक नव्हे तर अनेक व्हायरस एकत्र सापडले. त्यात काकडी मोझॅक मुख्य, सोबत भुईमुगाच्या शेंडामर रोगाचा आणि टोमॅटो क्लोरोसिसचाही. एका झाडात दोन-तीन पाहुणे शिरले की लक्षणांची खिचडी होते आणि पुस्तकातलं एकही चित्र जुळत नाही.

काकडी मोझॅकची एक गंमत समजून घ्या, कारण इथे औषध का हरतं ते कळतं. मावा पानावर बसतो, सोंड टोचून एक घोट चाखतो, काही सेकंदांत त्याच्या सोंडेला व्हायरस लागतो. पुढच्या पानावर एक घोट, काम झालं. तुमचं कीटकनाशक त्याला मारेल, पण त्याआधी त्यानं व्हायरस पोचता केलेला असतो. उलट अर्धवट मार बसलेला मावा बावचळून जास्त झाडांवर हिंडतो. म्हणून माव्याला आत येऊ न देणं आणि पॉलिहाऊसच्या कडेची कामोणी, धोतरा, वेलवर्गीय उरलंसुरलं काढणं हाच रस्ता. खांबांना लावलेला भोपळ्याचा वेल घरच्या भाजीला सोयीचा असतो हे मला माहीत आहे. तो काढा.

आता तुमची फळं. पट्टे फक्त खांद्यावर आहेत, पानं निरोगी आहेत आणि महिना एप्रिल. आतलं तापमान पाहता का? 32 अंशांच्या वर गेलं की टोमॅटोत लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, पिवळं मात्र होत राहतं. पालाश (पोटॅश) कमी पडला तर आणखी वाईट. दुपारी वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, पांढरं शेडनेट ओढा, फळांवरची पानं एवढ्यात खुडू नका. पुढचे दोन तोडे सुधारले तर तो ऊन होता.

याउलट, खालची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, आणि मॅग्नेशियम देऊनही फरक पडत नसेल, तर पानं उलटी करून पांढरी माशी शोधा. टोमॅटो क्लोरोसिस हुबेहूब मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखा दिसतो. त्यावर खतवाल्यांची चांगली कमाई होते.

40 मेशची जाळी लावली, पिवळे चिकट सापळे लावले, तरी दाराकडच्या तीन ओळींत पानं वाटीसारखी वळली, झाडं खुजी राहिली. जाळी कंपनीनं फसवलं का?
— एक वाचक, संगमनेर तालुका

ताई, पत्रात तुम्ही स्वतःच "दाराकडच्या" लिहिलंत. ही पांढरी माशी आणि हा तिनं आणलेला, पानं वळवणारा व्हायरस, पर्णगुच्छ. जाळीतून थोड्या आल्या असतील, 40 मेश म्हणजे इंचात 40 भोकं, माशी अडवायला 50 बरी. पण बऱ्याचशा दारातून आल्या. तुमच्या चिठ्ठीत दाराचा उल्लेख एकवचनी आहे. दोन दारं हवीत, मध्ये माणूस आणि क्रेट मावेल एवढी खोली, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तोड्याच्या दिवशी क्रेट ने-आण करताना दोन्ही दारांना दगड लावून ठेवलेले मी किती पाहिलेत, विचारू नका. 50 मेशनं वारा कमी होतो, हे खरं. तेव्हा जाळीचा भाग वाढवावा लागतो, नाहीतर अकोल्याच्या वाचकांसारखे खांदे पिवळे होतील.

ही माशी माव्यासारखी नाही. तिला व्हायरस घ्यायला दहा-पंधरा मिनिटं रस प्यावा लागतो, मग तो तिच्या पोटातून फिरून लाळेत यायला काही तास जातात, आणि त्यानंतर ती बहुधा मरेपर्यंत वाटत राहते. म्हणजे तुमच्या घरात शिरलेली एक माशी दोन-तीन आठवडे पुरते. वाईट बातमी, पण यातच फट आहे: तिला वेळ लागतो, म्हणून इथे कीड कमी करण्याला अर्थ आहे. सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर ठेवा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा, तुमचे फोटोत गुडघ्याला आहेत. गुंडाळलेली झाडं पहाटे काढा, गारव्यात माशी सुस्त असते. आधी पिशवी वरून घाला, मग बुडाशी कापा. दुपारी झाड हलवलं की माश्यांचा पांढरा ढग शेजारच्या ओळीत जातो. आणि पिवळी साडी किंवा पिवळा टी-शर्ट घालून आत जाऊ नका. विनोद नाही, माशी पिवळ्यावर येते म्हणूनच सापळा पिवळा असतो. तुम्हीच चालता-फिरता सापळा व्हाल, फक्त चिकट नसलेला.

पहिल्या महिन्यात लागण झालेल्या झाडाला फळ जवळजवळ धरत नाही, तेव्हा ती झाडं ठेवण्यात अर्थ नाही. उशिरा वळलेली राहू द्या. रोपं कुठून आणलीत ते लिहिलं नाहीत. रोपवाटिका उघड्यावर असेल, तर रोग ट्रेमध्ये बसूनच आला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये याच जातीचा व्हायरस परदेशातून आलेल्या रोपांबरोबर शिरला आणि टोमॅटो पार बसला. मग त्यांनी दरवर्षी तीन महिने टोमॅटोच नव्हे, तर माशी पोसणारी बाकीची पिकंही लावायची नाहीत असा नियम केला, तेव्हा सावरले. आपल्याकडे बाजारभावाच्या आशेवर बारा महिने लागवड चालते, तालुका ऐकणार नाही. पण आपलं स्वतःचं घर दोन पिकांच्या मध्ये महिनाभर रिकामं, तणही नसलेलं, दारं बंद करून तापत ठेवणं आपल्या हातात आहे.

"अँटिव्हायरस" म्हणून एक जण गावात बाटली विकतो, 1800 रुपये लिटर. तीन फवारण्यांत शेंडा हिरवागार होतो असं त्यानं दाखवलंही. घ्यावं का?
— एक वाचक, सिन्नर तालुका

नको. बाटलीवर घटक लिहिलेत का, पक्कं बिल देतो का, एवढं विचारून बघा, माणूस पुन्हा दिसत नाही. शेंडा हिरवा झाला तो बहुधा बाटलीतल्या नत्रानं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांनी. व्हायरस झाडाच्या पेशीत बसून पेशीचंच यंत्र वापरतो, तो मारायचा तर पेशी मरते.

व्हायरस लागलेला टोमॅटो खाल्ला तर माणसाला काही होतं का? मुलं आतच तोडून खातात.
— एक वाचक, सातारा जिल्हा

नाही. हे व्हायरस झाडांचे, माणसाच्या पेशीत त्यांचं काही चालत नाही. फवारणीनंतर किती दिवस झाले ते मोजा, मुलांना धोका तिकडून आहे.

माझा मुलगा नेदरलँड्समध्ये हरितगृहात काम करतो. तो येताना चेरी टोमॅटोचं भारी बी आणतो म्हणाला. गच्चीवरच्या छोट्या शेडमध्ये लावू का?
— एक वाचक, पुणे

काका, मुलाला चीज आणायला सांगा. बी अजिबात नको. 2014 च्या शरदात इस्रायलमधल्या ओहाद गावच्या टोमॅटोवर एक नवा व्हायरस दिसला, फळावर तपकिरी सुरकुतलेले डाग पाडणारा. तो टोमॅटो मोझॅकच्याच घराण्यातला, हातानं आणि बियाण्यानं पसरणारा. फरक एवढाच, की वर जुन्नरच्या वाचकांना मी ज्या जनुकाची शिफारस केली, तेच तो फोडतो. अनेक दशकं टिकलेली भिंत होती ती. 2018 मध्ये तो जर्मनीत, 2019 मध्ये नेदरलँड्समध्ये पोचला, आणि तिथल्या काचेच्या घरांत आता माणसं कपडे बदलून, बूट धुऊन आत जातात. तुमचा मुलगा तिथे कामाला असेल तर त्याला हे माझ्याहून चांगलं माहीत असेल, त्यालाच विचारा. येण्याआधी त्यानं कामाचे कपडे आणि बूट तिकडेच ठेवावेत. परदेशातून खिशातून बी आणणं 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार चालतही नाही.

मॅडम, मी पॉलिहाऊसवर रोजंदारीनं जाते. मालक म्हणाले, तुम्ही बाया मिश्री लावता म्हणून रोग आला. चौघींचं काम बंद केलं. खरंच आमच्यामुळे आला का? हे पत्र माझ्या मुलीनं लिहिलंय.
— एक वाचक

बाई, तालुका लिहिला नाहीत ते बरं केलंत.

तंबाखूतून हा रोग हाताला लागू शकतो, हे खरं. मिश्री असो, मळलेली असो की विडी, तंबाखूला हात लावल्यावर साबणानं धुतल्याशिवाय झाडाला लावू नये. पण तंबाखू तर मुकादमही खातो, ट्रॅक्टरवालाही खातो, आणि व्यापारी हातानं फळ दाबून बघत आत फिरतो, त्यांना कोणी बंद केलेलं नाही. शिवाय रोग बियाण्यातून येतो, गेल्या पिकाच्या मुळांतून येतो, जुन्या सुतळीतून येतो. मुलीला म्हणावं, वर जुन्नरच्या पत्रात वहीचा नकाशा सांगितलाय तो मालकांना वाचून दाखव. फुल्या तुम्ही काम सुरू करता तिथूनच निघतात का, हे चार दिवसांत दिसेल.

आणि मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: हातानं पसरणारा रोग असेल तर हात धुवायची सोय कोणी करायची? दाराशी पाण्याचा नळ आणि साबण, दर ओळीच्या तोंडाशी दुधाच्या पाण्याची बादली, निरोगी ओळींपासून आजारी ओळींकडे जायचा क्रम, आणि हात बुडवण्यात जो वेळ जाईल त्याची मजुरी कापायची नाही. झाडं मोजून मजुरी देत असाल तर ती पद्धत या हंगामापुरती सोडा, कारण घाईत कोणी हात बुडवत नाही. जुन्या बायकांना परत बोलावा. बगलफूट कुठे मोडायची आणि कुठे सोडायची, हे नव्या मजुराला शिकवायला महिना जातो.

बादलीतलं दूध दुपारी बदला, आंबतं.